पाणी गेलं कुठे? आंबा घाटात तापलेल्या गाडीचं प्रकरण

मेच्या पहिल्या आठवड्यात बांबवड्याहून एक गाडी टोचन करून कोल्हापूरला माझ्या गॅरेजमध्ये आली. बारा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, बाराशे सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, १,०८,००० किलोमीटर चाललेली. मालक निवृत्त शिक्षक. नाव घेत नाही, सर म्हणतो. गाडी त्यांनी शोरूममधून नवी घेतलेली. पहिल्या सर्व्हिसिंगपासूनची सगळी बिलं एका प्लास्टिकच्या पिशवीत तारखेनं लावलेली. अशी पिशवी घेऊन येणारा गाडीमालक भेटला की माझं निम्मं काम तिथंच होतं.

सर, बाई, मुलगी आणि नात असे चौघे रत्नागिरीहून परत येत होते. साखरप्यापर्यंत काही नाही. घाट चढायला लागल्यावर एसीची हवा गरम यायला लागली. एसीतला गॅस संपला असेल म्हणून त्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही. दोन-तीन वळणांनंतर लाल दिवा लागला. या गाडीला टेम्परेचरचा काटा नाही, इंजिन थंड असताना निळा आणि तापलं की लाल, एवढे दोनच दिवे. खरं तर सूचना आधीच मिळाली होती. इंजिन फार तापलं की बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर एसीचा कॉम्प्रेसर आपणहून बंद करतो. घाटात एसी अचानक गरम फेकायला लागला, तर एसीवाल्याची आठवण नंतर काढावी, आधी गाडी बाजूला घ्यावी.

सरांनी गाडी थांबवली, पाऊण तास वाट बघितली, टॉवेल धरून रेडिएटरचं, म्हणजे इंजिनाचं गरम पाणी थंड करणाऱ्या जाळीचं झाकण उघडलं आणि पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या ओतल्या. मलकापूर गाठलं. बांबवड्याजवळ परत लाल दिवा. तिथं एका ट्रक ड्रायव्हरनं रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगितली आणि ती टाकलीही. हळदीला मी नावं ठेवणार नाही. बारीक भोकात हळदीचा गोळा बसतो आणि अडलेला माणूस पाच-दहा किलोमीटर पुढं सरकतो. पण तीच हळद रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते, हे पुढं मी डोळ्यांनी बघितलं.

मी पहिला प्रश्न विचारला, "सर, लाल दिवा लागल्यावर गाडी किती वेळ चालली?"

"घाटात दीड-दोन मिनिटं. वळण संपेपर्यंत. मग बंदच केली."

"आणि बांबवड्यात?"

"तिथं लगेच. ही म्हणाली, आता एक फूट पुढं न्यायची नाही. मग तुम्हाला फोन लावला, मिस्त्री."

पुढचा सगळा खर्च या उत्तरावर ठरतो. लाल दिव्यावर दोन मिनिटं चाललेल्या आणि दहा मिनिटं चाललेल्या गाडीत हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, दुरुस्त होणं आणि अख्खं इंजिन बदलणं एवढा फरक पडतो. दहा मिनिटांत पिस्टन फुगून सिलिंडरच्या भिंतीला घासलेला असतो, त्याच्या रिंगांचा ताण गेलेला असतो. बाईंनी त्या दिवशी घरचे पन्नास हजार वाचवले, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं.

दुसरा प्रश्न पाण्याचा. पिशवीत मार्चच्या मध्यावरची एक चिठ्ठी होती, साडेतीनशे रुपयांची: "थर्मोस्टॅट काढला, पाणी भरले." त्या गॅरेजचं नाव सांगून उपयोग नाही, कारण हे अनेक ठिकाणी चालतं. गाडी तापतेय म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकायचा. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारा झडपेचा दरवाजा. इंजिन गार असताना तो पाणी इंजिनातच फिरवतो, ८२ अंशांच्या आसपास उघडायला लागतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. अनेक इंजिनांत तोच दरवाजा पूर्ण उघडल्यावर मागच्या बाजूनं बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो. थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत येतं आणि घाटात नेमकी तीच उणीव भोवते. सपाटीला उलटं होतं, इंजिन लवकर गरम होत नाही आणि पेट्रोल जास्त पितं. सरांच्या वहीत ॲव्हरेज १७ वरून १४ वर आलेलं होतं. तारीख मार्चचीच.

"पण पाणी मी दर रविवारी बघत होतो," सर म्हणाले. "रेडिएटरशेजारची बाटली कधी रिकामी नव्हती."

सर खरं बोलत होते. बाटली आताही 'मॅक्स'च्या रेघेवर होती.

गाडी रात्रभर तशीच ठेवली. तापलेलं झाकण मी उघडत नाही आणि माझ्याकडच्या पोरांना उघडू देत नाही. दाबाखाली ११५ अंशांचं पाणी शांत दिसतं. झाकण फिरलं की दाब जातो आणि त्याच क्षणी त्याची वाफ होऊन तोंडावर येते. या धंद्यात भाजलेले हात मी बघितलेत. टॉवेल धरला तरी नको. वरची नळी उघड्या हातानं निवांत दाबता येईल, तेव्हाच झाकणाला हात लावायचा.

सकाळी झाकण उघडलं. बाटली भरलेली आणि रेडिएटरच्या मानेत, म्हणजे झाकणाखालच्या तोंडात, पाण्याचा पत्ता नाही. बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं. खाली जे होतं ते तांबूस-पिवळं, बोटाला कणकण लागणारं. कूलंटचा हिरवा रंग कुठंच नव्हता. दोन महिने घरच्या बोअरवेलचं पाणी भरलं जात होतं आणि त्या पाण्यातला क्षार नळ्यांत बसत होता.

बाटली भरलेली असताना रेडिएटर रिकामा कसा? उत्तर झाकणात असतं. रेडिएटरच्या झाकणाला दोन झडपा असतात. पाणी तापून फुगलं की मोठी झडप ठरलेल्या दाबाला, साधारण ०.९ ते १.१ बारला, उघडते आणि जास्तीचं पाणी बाटलीत सोडते. इंजिन थंड झालं की मधली छोटी झडप उघडून तेच पाणी परत आत खेचते. या झाकणाचं रबर कडक होऊन चिरलेलं होतं आणि मधली झडप गंजून चिकटलेली. नखानं ओढली तरी हलेना. पाणी बाटलीत जात होतं, परत येत नव्हतं. सर दर रविवारी बघत होते ते रेडिएटरमधून हद्दपार झालेलं पाणी.

झाकण दाब धरत नसेल तर आणखी एक नुकसान होतं. आपल्या घाटमाथ्यावर उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. एक बार दाब मिळाला तर साधं पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि निम्मं कूलंट असेल तर आणखी आठ-नऊ अंशांची सवलत मिळते. या गाडीचा पंखा सुरू होतो ९६-९७ अंशांना. म्हणजे मेलेल्या झाकणासकट, नुसत्या पाण्यावर ही गाडी चालवली, तर पंखा फिरायला लागतो तेव्हाच पाणी उकळीच्या अगदी काठावर आलेलं असतं. तीनशे रुपयांचं झाकण दर दोन-तीन वर्षांनी बदला, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. फार थोडे ऐकतात.

आता, झाकणामुळे पाणी बाटलीत अडकलं हे कळलं. पण अडकलेलं पाणी जेमतेम लिटरभर, आणि दोन महिन्यांत सरांनी चार-पाच लिटर भरलेलं. बाकीचं कुठं गेलं? गाडी तापली की लोक विचारतात, का तापली. मी विचारतो, पाणी गेलं कुठं. या प्रश्नाला तीनच उत्तरं असू शकतात: बाहेर गळलं, उकळून बाटलीवाटे उडालं किंवा इंजिनानं आत खाल्लं. तिन्हींचा खर्च वेगवेगळा असतो आणि एका गाडीत तिन्ही एकदमही असू शकतात.

पाणी भरलं, हातपंपाचा प्रेशर टेस्टर मानेवर बसवला आणि १ बार दाब दिला. सरांना स्टूल दिलं, म्हटलं, काट्यावर नजर ठेवा. दहा मिनिटांत काटा ०.७ वर आला. खाली जमिनीवर थेंब नाही. टॉर्च घेऊन रेडिएटरचा काठ बघत गेलो. वरची प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथं दुमडून बसवलेली असते, तिथं डाव्या कोपऱ्यात घामासारखा ओलावा होता. त्याच्याखाली पांढऱ्या क्षाराची वाळलेली रेघ, करंगळीएवढी. चालत्या गाडीत ते पाणी जमिनीवर पडायच्या आधीच गरम जाळीवर वाळून जात असणार, म्हणून अंगणात डाग कधी दिसला नाही. वॉटर पंपाच्या खालच्या भोकाशीही थोडा वाळलेला थर होता, पण ओल नव्हती.

इथं थांबलो असतो तर बिल सात-आठ हजारांत आटोपलं असतं. रेडिएटर, झाकण, थर्मोस्टॅट, कूलंट. गिऱ्हाईक खूश, मी मोकळा. आणि पंधरा दिवसांत गाडी परत टोचनला लागली असती.

मला एका गोष्टीनं थांबवलं. बाई सहज म्हणाल्या होत्या की गेले तीन आठवडे सकाळी चालू केल्यावर गाडी थोडा वेळ थरथरते, मग नीट होते. सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे प्लग काढले. एक, दोन आणि चार नंबरचे प्लग बदामी रंगाचे, जसे असावेत तसे. तीन नंबरचा पांढरा, लख्ख, जणू कुणी घासून धुतलाय. सिलिंडरमध्ये रात्री थेंब-थेंब पाणी उतरतं आणि सकाळी त्याची वाफ होते, ती वाफ प्लग असा धुऊन काढते. थरथर त्याचीच.

तरीही नुसत्या प्लगवरून मी कुणाचं हेड उघडत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टन हवा किती दाबतो ते, मोजलं: १७२, १६६, १४८ आणि १७० पीएसआय. तीन नंबर कमी, पण एकदम पडलेला नाही. मग निळ्या पाण्याची टेस्ट. काचेच्या नळीत निळा द्रव घालून ती रेडिएटरच्या मानेवर धरायची आणि चालू इंजिनाच्या कूलंटवरची हवा त्यातून ओढायची. जळालेला वायू पाण्यात घुसत असेल तर निळा द्रव पिवळा होतो. पहिल्यांदा हिरवट झाला. हळदीच्या पाण्याचे शिंतोडे आत गेले असतील अशी शंका आली, म्हणून सिस्टिम स्वच्छ पाण्यानं तीनदा धुतली आणि नव्या द्रवानं परत टेस्ट केली. दोन मिनिटांत स्पष्ट पिवळा.

शेवटची टेस्ट सरांना दाखवायची म्हणून केली. तीन नंबरचा पिस्टन वर आणून दोन्ही वॉल्व्ह बंद अशा जागी धरला, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि सरांना रेडिएटरच्या मानेत बघायला सांगितलं. आधी काही नाही. मग एक बुडबुडा, मग दुसरा, मग माळच लागली. हवा सोडली सिलिंडरमध्ये आणि ती निघाली रेडिएटरमधून. मधली भिंत म्हणजे हेडखाली बसणारं पातळ हेड गॅस्केट, आणि ती तीन नंबरला फुटली होती. सर बराच वेळ त्या बुडबुड्यांकडं बघत राहिले. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस, त्यांना यापुढं काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

हे घाटात घडलं नव्हतं. एका दिवसात प्लग असा धुतला जात नाही. माझा अंदाज असा की कोपऱ्यातली गळती हिवाळ्यापासूनची असावी. मार्चमध्ये पाणी कमी झालेलं असताना इंजिन एकदा जोरात तापलं आणि ॲल्युमिनियमच्या हेडनं तेव्हाच पहिला बाक घेतला. गॅस्केट थोडं सुटलं, वायू पाण्यात शिरायला लागला, त्यानं पाणी बाटलीकडं ढकललं. घाटानं फक्त झाकलेलं उघडं पाडलं.

आता पैशांचं. तपासणीचे आठशे रुपये झाले होते. सरांची मुलगी आणि जावई संध्याकाळी आले. जावयांचं म्हणणं, बारा वर्षांच्या गाडीवर खर्च कशाला, विकून टाकूया. मुलीचं म्हणणं, एक्स्चेंजमध्ये नवी घेऊया. सर गप्प होते. त्यांनी एवढंच विचारलं, "विम्यात बसेल का?" नाही बसत. साध्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड येत नाही. इंजिनासाठी वेगळं ॲड-ऑन घेतलेलं असलं तरी ते प्रामुख्यानं पुराचं पाणी शिरणं, ऑइल गळणं अशा नुकसानीसाठी असतं, आणि त्यातली वाक्यं ओळ न ओळ वाचावी लागतात.

आहे त्या अवस्थेत गाडीला जुन्या गाड्यांच्या दलालानं फोनवर ऐंशी हजार सांगितले. तीच धडधाकट असती तर एक लाख साठ हजारांच्या आसपास गेली असती. विकायचीच असली तरी बिघडलेली विकणं म्हणजे पंचवीस हजारांच्या दुरुस्तीसाठी ऐंशी हजार सोडणं, आणि हे गणित जावयांना लगेच पटलं. जुनं इंजिन आणून बसवायचं तर मुंबईच्या कुर्ल्यातून पस्तीस ते पंचेचाळीस हजारांना मिळालं असतं. वर मजुरी, वाहतूक, आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढवायचे आरटीओचे हेलपाटे. शिवाय ते इंजिन स्वतः कधी तापलं होतं का, हे कोण सांगणार? सरांच्या इंजिनाचा निदान बारा वर्षांचा इतिहास पिशवीत होता. नवी गाडी घ्यायची तर सहा लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी काढलं तरी हप्ता बारा हजारांच्या पुढं जातो. पेन्शनवर राहणाऱ्या माणसाला तो रेटायला लावणं मला योग्य वाटलं नाही, आणि मी तसं बोललो.

गाडीच्या बाजूनं बरंच होतं. खालून गंज नव्हता, टायर वर्षाचे, गिअरबॉक्स शांत. ऑइल काढून बघितलं तर दुधाळ नव्हतं आणि त्यात धातूची चमक नव्हती, म्हणजे बेअरिंग शाबूत. नोंदणीची पंधरा वर्षं पूर्ण व्हायला तीन वर्षं बाकी. नंतर तपासणी करून आणि पाच हजारांची फी भरून आणखी पाच वर्षं वाढवता येते. नुसती तीनच वर्षं धरली, तरी पंचवीस हजारांचे महिन्याला सातशे पडतात.

मी मात्र एकदम पंचवीस हजारांचा होकार मागितला नाही. हेड उघडल्यावर तडा निघाला तर सगळं गणित बदलतं. म्हणून ठरलं असं: आधी फक्त हेड उतरवायचं आणि तपासायचं. इथपर्यंत साडेतीन हजार. तडा निघाला तर काम थांबवून परत बसायचं. गिऱ्हाइकानं असा मधला थांबा आपणहून मागून घ्यावा. मिस्त्रीला राग येत असेल तर गाडी दुसरीकडं न्यावी.

हेड उतरलं. गॅस्केटवर तीन नंबरच्या कड्यापासून पाण्याच्या भोकापर्यंत काळी वाट जळून गेलेली, काडेपेटीच्या अर्ध्या काडीएवढी. हेडवर सरळ पट्टी आडवी ठेवून खाली फीलर गेज सरकवलं. मधोमध ०.०८ मिलिमीटरची पाती आत गेली. या इंजिनाला मर्यादा ०.०५ ची. डोक्याच्या केसाएवढा बाक, पण तेवढ्यानं पुरतं. शिवाजी उद्यमनगरात आमचा नेहमीचा लेथवाला आहे. त्यानं हेड गरम पाण्यात बुडवून हवेचा दाब देऊन बघितलं. तडा नाही. तिथून सरांना फोन केला. पलीकडून एकच शब्द आला, "करा."

फेसिंगला, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करायला, ०.१ मिलिमीटर काढलं. हेडचे बोल्ट नवे घातले. या जातीचे बोल्ट आवळताना ताणले जातात, जुने परत वापरले तर पकड भरवशाची राहत नाही. बोल्टची भोकं कापडानं आणि हवेनं कोरडी केली. हे काम पोरं टाळतात, पण भोकात तळाला पाणी राहिलं आणि बोल्ट आवळला तर पाणी दबत नाही, ब्लॉक, म्हणजे हेडखालचा इंजिनाचा मुख्य भाग, फुटतो. रेडिएटर नवा टाकला. जुना कापून बघितला तेव्हा खालच्या तिसऱ्या भागातल्या नळ्या क्षार आणि हळदीच्या गाळानं बुजलेल्या होत्या. वॉटर पंप गळत नव्हता तरी बदलला, कारण सगळं उघडलेलं असताना त्याला वेगळी मजुरी नाही आणि वर्षभरात तो गळाला असता तर होती.

बिल असं झालं: गॅस्केट सेट ३,२००, बोल्ट १,१००, फेसिंग आणि हेड टेस्ट १,६००, रेडिएटर ४,६००, झाकण ३००, थर्मोस्टॅट ९००, पंप २,१००, दोन होस ७५०, कूलंट पाच लिटर १,५००, ऑइल आणि फिल्टर १,९००, मजुरी ६,५००, आणि आधीच्या तपासणीचे ८००. एकूण २५,२५० रुपये. मधल्या थांब्याचे साडेतीन हजार फेसिंगच्या आणि मजुरीच्या आकड्यात धरलेत. मार्चमध्ये झाकण आणि रेडिएटर बदलला असता तर सहा-साडेसहा हजारांत सुटलं असतं, हे मी सरांना सांगितलं नाही. त्यांनी ते स्वतःच वहीत मांडलं होतं.

कूलंट भरताना गाडीचं तोंड उतारावर वर करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. पंखा दोनदा सुरू होऊन बंद झाला तेव्हा झाकण लावलं. मग चार माणसं बसवून, एसी चालू ठेवून दुपारी दोनला पन्हाळा चढलो. इंजिनाचं तापमान दाखवणारा स्कॅनर जोडलेला. चढावर आकडा ९७ ला टेकला, पंखा फिरला, ९२ वर आला, परत चढला. माथ्यावर पोचेपर्यंत त्याच्यावर गेला नाही. दुसऱ्या सकाळी थंड गाडीचं झाकण उघडलं तर कूलंट मानेच्या काठापर्यंत, आणि बाटली जिथं ठेवली होती तिथंच.

हजार किलोमीटर झाल्यावर सर आले. रत्नागिरीला परत जाऊन आले होते, त्याच घाटानं. आता ते रविवारी बाटली बघायच्या आधी थंड गाडीचं झाकण उघडून मान बघतात. ॲव्हरेज सोळावर आलं होतं. मी तीन नंबरचा प्लग काढून त्यांच्या हातात दिला. इतर तिघांसारखाच बदामी.